शेंदूर, काजळी आणि पितळी अक्षरे : आपल्या नॅरोगेज गाड्यांचे रंग

बार्शी लाईटचे डबे कोणत्या रंगाचे होते? प्रश्न साधा वाटतो. आपल्या मंडळात लातूर, बार्शी, पंढरपूर, मिरज या बाजूची मंडळी कमी नाहीत. त्यांना आरतीनंतर प्रसादाच्या पंगतीत हा प्रश्न विचारून पाहावा. एक जण विटकरी म्हणेल, दुसरा तपकिरी, तिसरा निळा, आणि आजीकडून ऐकलेले सांगणारा चौथा आणखीच काही. वाद रंगेल, पण खोटे कोणीच बोलत नसेल. रेल्वेचा डबा ठरावीक काळाने कारखान्यात जातो, खरवडला जातो, पुन्हा रंगतो आणि बाहेर येतो. पन्नास वर्षे धावलेल्या डब्याने किती वेळा अंगरखा बदलला असेल, याचा हिशेब प्रवाशाच्या आठवणीत राहत नाही. ज्या वर्षी आपण खिडकीत बसलो, त्या वर्षीचा रंग तेवढा मनात पक्का होतो.

या लेखाचा विषय तोच आहे : छोट्या रुळांवरच्या गाड्यांचे रंग आणि त्यांच्या अंगावर लिहिलेली अक्षरे. रेल्वेचा इतिहास लिहिणारे रूळ, पूल, इंजिने, नफा-तोटा यांवर भरपूर लिहितात. रंगावर कोणी फारसे लिहीत नाही, कारण रंग म्हणजे वरवरची गोष्ट असा आपला समज. वस्तुस्थिती अशी आहे की गाडी कोणाच्या मालकीची होती, कधी कोणाकडे गेली, तिच्यात कोणाला बसायची मुभा होती, हे सगळे त्या वरवरच्या गोष्टीतच लिहिलेले असते.

आधी रुळांबद्दल दोन शब्द, आपल्या कन्नड आणि इतर भाषिक स्नेह्यांसाठीही. आपल्या के. आर. पुरम स्थानकावरून जाते ती ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांत साडेपाच फूट अंतर. नॅरोगेज म्हणजे अडीच फूट किंवा दोन फूट. भारतातली पहिली नॅरोगेज एका मराठी संस्थानिकाची. बडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांच्या काळात १८६२ साली डभोई ते मियागाम हा अडीच फुटी मार्ग सुरू झाला आणि तो ओढायला प्रथम बैल होते. इंजिन पुढे आले. त्यानंतर १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, कुर्डुवाडी ते बार्शी. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता पूर्वी जी.आय.पी. रेल्वेत होता. ही गाडी १९०६ साली पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोचली. नेरळ-माथेरान ही दोन फुटी गाडी आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचे पैसे घालून बांधली, ती १९०७ साली सुरू झाली. वऱ्हाडात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला, खानदेशात पाचोरा-जामनेर, नागपूरहून छिंदवाडा आणि नागभीड. आपल्या बंगळुरूलाही ही श्रीमंती होती. बंगारपेठ-कोलार मार्ग १९१३ सालचा. येलहंका, देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूर या बाजूचा मार्ग त्यानंतर लगेचचा. नंदी हॉल्ट आणि देवनहळ्ळीची कौलारू स्थानके त्याच काळातली. रविवारी नंदी डोंगरावर जाणाऱ्यांनी वाटेत नंदी हॉल्टला जरूर थांबावे.

आता रंगाकडे. जुन्या काळी रंग डब्यात तयार मिळत नसे, तो कारखान्यात घोटला जाई. लोखंडावर पहिला हात असे तो लाल शिशाचा, म्हणजे जवसाच्या तेलात कालवलेल्या शेंदराचा. होय, शेंदूरच. मारुतीला आणि गणपतीला परंपरेने लावला जातो तो शेंदूर आणि जगभरच्या रेल्वे कारखान्यांतला रेड लेड हा रसायनाच्या दृष्टीने एकच पदार्थ : शिशाचे नारिंगी-तांबडे ऑक्साईड. देवळातले पुजारी तो तेलात कालवतात, कारखान्यातले रंगारीही तेलातच कालवत. कारणही दोन्हीकडे एकच. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, शिसे त्या क्रियेला मदत करते, आणि वर एक चिवट कवच तयार होते. देवाच्या मूर्तीवर ते पिढ्यान्‌पिढ्या चढत जाते, लोखंडावर ते गंज अडवते. बार्शी लाईटचे डबे लीड्स फोर्ज कंपनीच्या दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे होते, त्या काळच्या लाकडी सांगाड्याच्या डब्यांहून हलके. पोलाद आले म्हणजे गंजाची भीती आली, आणि गंजाची भीती आली की शेंदूर आला.

शेंदरावर लांबी भरायची, पॉलिशपेपर किंवा झावा दगड पाण्यात भिजवून घासायचे, पुन्हा हात, पुन्हा घासणे. मग खरा रंग. तांबडा-तपकिरी हवा तर काव किंवा लोखंडाचे ऑक्साईड, काळा हवा तर काजळी, पांढरा हवा तर सफेदा, म्हणजे पुन्हा शिसेच. मग अक्षरे, आणि सगळ्यात शेवटी वॉर्निशचे दोन-तीन हात. चांगल्या प्रवासी डब्याला सगळे मिळून दहा-पंधरा हात सहज होत आणि काम कित्येक दिवस चाले. मालडब्याचे एवढे लाड नसत. त्याला कावेचे एक-दोन हात आणि पांढरी अक्षरे, की चालू लाग. काव वापरण्यात सौंदर्यदृष्टी नव्हती. ती स्वस्त होती, उन्हात लवकर उडत नसे, आणि चाकांच्या ब्रेकमधून उडणारी लोखंडाची तांबूस धूळ तिच्यावर दिसत नसे. आपल्याकडे शेणाने सारवलेल्या अंगणाच्या कडेला काव लावतात, त्यामागेही थोडाबहुत हाच व्यवहार असावा असे मला वाटते.

वॉर्निशमुळे एक गंमत होते, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेलाचे वॉर्निश जुने झाले की पिवळे पडते. त्याखालचा पांढरा मग सायीसारखा दिसतो आणि निळ्यावर हिरवट झाक येते. म्हणून एखादे आजोबा सांगतात की डब्याची वरची पट्टी सायीच्या रंगाची होती, तेव्हा ती मुळात स्वच्छ पांढरीही असू शकते. रंगाऱ्याने एक रंग दिला, काळाने दुसरा केला, आजोबांनी दुसरा पाहिला. दोन्ही खरे.

मग जुने फोटो पाहावेत, असे कोणीही म्हणेल. तिथेही फसगत आहे. कृष्णधवल फोटोत रंग नसतो हे उघडच. पण त्यातला करडा सुद्धा प्रामाणिक नसतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतल्या बहुतेक काचा आणि फिल्मांना लाल रंग दिसतच नसे. लाल वस्तू फोटोत काळी येई आणि निळी वस्तू जवळजवळ पांढरी. म्हणजे कुंकवासारखा लाल डबा फोटोत काळा कुळकुळीत, आणि निळा डबा फिकट. त्या फोटोवरून कोणी 'इंजिन काळे होते' असे ठरवले तर ते निम्मे अंदाजानेच. त्याहून मोठा चकवा कारखान्याच्या अधिकृत फोटोंचा. इंग्लंडातल्या इंजिन बनवणाऱ्यांची पद्धत अशी होती की नवे इंजिन फोटोपुरते करड्या रंगाने रंगवायचे, म्हणजे प्रत्येक नळी, प्रत्येक रिव्हेट छायाचित्रात स्पष्ट उठून दिसे. फोटो झाला की इंजिनाला खरा रंग. म्हणजे कंपनीच्या संग्रहातल्या त्या देखण्या फोटोत इंजिन ज्या रंगात उभे आहे, त्या रंगात ते एक दिवसही गाडी घेऊन धावले नाही.

याच कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला अडीच फुटी लीक-मॅनिफोल्ड रेल्वे उभी केली, १९०४ साली. तिचे डबे फिकट पिवळे होते, प्रिमरोझच्या फुलासारखे. ती गाडी १९३४ साली बंद पडली, पण तिथल्या हौशी लोकांनी डब्यांचे, इंजिनांचे रंग शोधून, वाद घालून, नोंदवून ठेवले. तीस वर्षे धावलेल्या, तेरा-चौदा किलोमीटरच्या गाडीसाठी एवढा खटाटोप! आपल्या बार्शी लाईटची लांबी सव्वातीनशे किलोमीटर झाली होती आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ धावली. पंढरीची वारी तिने वाहिली. तिच्या रंगाचे असे दप्तर आपण केलेले नाही, याची खंत वाटते.

रंग उडतो, बदलतो. अक्षरे मात्र साक्षीदारासारखी बोलतात. सुरुवातीला डब्यांवर आणि इंजिनांवर मालकाची आद्याक्षरे असत : जी.आय.पी.आर., बी.एन.आर., एम.एल.आर. इंग्रजी अक्षरांना सोनेरी किंवा पिवळा रंग, उजवीकडे आणि खाली सावली. सावलीमुळे अक्षर पत्र्यातून वर आल्यासारखे वाटे, आणि लांबूनही वाचता येई. माथेरानची चार इंजिने जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल कारखान्यातून आली, त्यांचे क्रमांक ७३८ ते ७४१. त्यातले ७४० आज इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या हौशी रेल्वेत आहे. वाफेची ही इंजिने १९८२ सालापर्यंत माथेरानच्या सेवेत होती. रंग कितीही वेळा बदलोत, क्रमांकावरून इंजिनाची ओळख पटते.

अक्षरांचा सगळ्यात थाटाचा वापर मात्र रुळावर नाही, जेवणाच्या टेबलावर झाला. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात शिंदे सरकारांची चांदीची आगगाडी आहे. जेवणानंतर पाहुण्यांना पेये आणि सिगार फिरवणारी. तिच्या सात डब्यांवर एकेक इंग्रजी अक्षर, सगळी मिळून 'सिंदिया' हे नाव. बाहेर खरी दोन फुटी ग्वाल्हेर लाईट रेल्वेही याच घराण्याची. शिंदे सरकारांची रेल्वे १९५१ साली नव्या मध्य रेल्वेत विलीन झाली. बार्शी लाईट सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी ताब्यात घेतली आणि तीही मध्य रेल्वेतच गेली. म्हणजे चंबळच्या काठची दोन फुटी गाडी आणि चंद्रभागेच्या काठची अडीच फुटी गाडी एकाच नावाखाली आल्या : म.रे. देवनागरी अक्षरे, पण हिंदीतली. 'मध्य रेल', 'वे' नाही. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी पुढे मधले टिंब काढून 'मरे' असा मथळा रूढ केला आणि पावसाळ्यात लोकल बंद पडली की त्या मथळ्याला निराळाच अर्थ येतो, तो भाग वेगळा.

या आद्याक्षरांवरून डब्याचा किंवा फोटोचा काळ ठरवता येतो, आणि इथे अभ्यासकाला खरी मजा येते. कुर्डुवाडीचेच उदाहरण घ्या. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे निघाली, तिच्यात सोलापूर विभाग गेला. १९७७ साली तो परत मध्य रेल्वेत आला. म्हणजे एखाद्या फोटोत सोलापूर विभागाच्या डब्यावर 'द.म.रे.' दिसले, तर तो त्या अकरा वर्षांतला किंवा त्याला लागूनचा. कारण विभाग बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे डबे कोणी रंगवत नाही, ज्याची कारखान्याची पाळी येईल तो बदलतो. नागपूर-छिंदवाड्याच्या गाडीने तर चार नावे पाहिली. प्रथम बी.एन.आर., म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वे. १९५२ साली पूर्व रेल्वे, १९५५ साली दक्षिण पूर्व, २००३ साली दक्षिण पूर्व मध्य. डब्याच्या कुशीवर अक्षरे वाढत गेली आणि गाडीचे आयुष्य कमी होत गेले. तो मार्ग २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाला.

आपल्या दारातलेही उदाहरण आहे. के. आर. पुरमचे डिझेल शेड १९८३ सालचे. तिथल्या इंजिनांच्या अंगावर 'के.जे.एम.' ही तीन इंग्रजी अक्षरे असतात, म्हणजे कृष्णराजपुरम. २००३ साली हुबळीला मुख्यालय असलेली दक्षिण पश्चिम रेल्वे स्थापन झाली आणि इथल्या इंजिनांवरचे 'द.रे.' जाऊन 'द.प.रे.' आले. ज्यांनी त्या सुमारास शेडमध्ये काम केले त्यांनी हा बदल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्यांच्याकडे १९९० नंतरचे सहलीचे, निरोपसमारंभाचे, खंडेनवमीच्या पूजेचे फोटो असतील. माणसांच्या मागे उभ्या इंजिनावरची अक्षरे जरा भिंगातून पाहावीत.

इंजिनाच्या वर्गाची अक्षरेही अशीच बोलकी. डिझेल इंजिनावर पहिले अक्षर रुळाची रुंदी सांगते : डब्ल्यू असेल तर ब्रॉडगेज, वाय मीटरगेज, झेड अडीच फूट, एन दोन फूट. म्हणून पाचोरा-जामनेरला झेड.डी.एम. आणि माथेरानला एन.डी.एम. मधला डी डिझेलचा, शेवटचा एम मिश्र कामाचा, म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही. शकुंतलेचे मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ सालापर्यंत धावले आणि मग तिथेही डिझेल आले. शकुंतलेची गोष्ट अक्षरांच्या दृष्टीने विलक्षण आहे. मार्ग खाजगी कंपनीचा राहिला, स्वातंत्र्यानंतरही त्याचे राष्ट्रीयीकरण झाले नाही; गाडी मात्र सरकारी रेल्वेने चालवली. अंगावर नाव चालवणाऱ्याचे, मालकाचे कुठेच नाही. आता ती गाडी धावत नाही.

वर्गाचा आकडा हीसुद्धा अक्षरकथाच. डब्याच्या दारावर पहिला, दुसरा, तिसरा. नॅरोगेजवर तिसऱ्याचीच गर्दी. १९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला. कागदावर ही सामाजिक सुधारणा होती, कारखान्यात ती रंगाऱ्याच्या ब्रशची एक कामगिरी होती. बाके तीच, लाकडी पट्ट्यांची. तीन उभ्या रेघांतली एक पुसायची, की प्रवासी दुसऱ्या वर्गाचा झाला.

रंगातही असा अर्थ भरलेला असतो. १९९० नंतर ब्रॉडगेजचे प्रवासी डबे विटकरीचे निळे होऊ लागले. लोकांना वाटले, नवा रंग, नवी हौस. खरे कारण ब्रेकचे. विटकरी डबा म्हणजे निर्वाताचा ब्रेक, निळा डबा म्हणजे हवेच्या दाबाचा ब्रेक. दोन्ही एका गाडीत जोडता येत नाहीत, म्हणून यार्डातल्या माणसाला लांबूनच कळावे. हौसेचे रंग पाहायचे तर १९३० सालची दख्खनची राणी आठवावी. तिचा एक संच रुपेरी, त्यावर किरमिजी पट्ट्या, आणि दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. नॅरोगेजच्या नशिबी असला थाट आला नाही.

आता जी गोष्ट मनाला लागून आहे ती. पंढरपूरकडचा मार्ग २००१ ते २०११ या काळात रुंद झाला, लातूरचा २००८ पर्यंत. कोलार-चिक्कबळ्ळापूर २०१३. नागभीड २०१९. ग्वाल्हेर आणि पाचोरा-जामनेर २०२० साली थांबल्या. माथेरान तेवढी ऑक्टोबर २०२२ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झाली. उरलेली काही इंजिने आणि डबे संग्रहालयांत, स्थानकांबाहेरच्या चौथऱ्यांवर उभे आहेत. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे स्वतंत्र संग्रहालय आहे, ते अवश्य पाहावे. पण चौथऱ्यावरच्या इंजिनांचे काय होते? कोणी मोठा पाहुणा यायचा असला की आठवडाभर आधी रंगारी येतो. जुना रंग पोपडे निघेपर्यंत खरवडतो आणि वर चकचकीत ऑइल पेंट. चाकांना लाल, कठड्याला पांढरा, बॉयलरला हिरवा किंवा निळा, जो डबा हाताशी असेल तो. अक्षरे कोणत्या वळणाची होती, सावली कोणत्या बाजूला होती, हे विचारायला कोणाला सवड नसते. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण त्या दोन दिवसांत ऐंशी-नव्वद वर्षांचे थर, म्हणजे वर सांगितलेले सगळे दप्तर, झाडूने गोळा होऊन उकिरड्यावर जाते. माथेरानच्या डिझेल इंजिनाला अलीकडे वाफेच्या इंजिनाचे रूप दिले आहे, त्याला माझा विरोध नाही. मुलांना मजा वाटते. ते सोंग आहे हे सर्वांना ठाऊक आहे. चौथऱ्यावरच्या खऱ्या इंजिनाला दिलेला खोटा रंग मात्र पुढच्या पिढीला खराच वाटणार.

थरांचे मोल आपल्याला देवळाने शिकवले आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे कवच २०२२ साली तज्ज्ञांनी काळजीपूर्वक उतरवले. हजार किलोंहून अधिक शेंदूर निघाला आणि आतले मूळ रूप भाविकांना दिसले. ते काम घाईने, छिन्नीने केले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. इंजिनाला देवत्व द्यावे असे मी म्हणत नाही. पद्धत मात्र तीच हवी.

पद्धत अवघडही नाही. डब्याच्या आडोशाच्या जागी, जिथे ऊन-पाऊस कमी लागतो, जसे दाराच्या बिजागरीमागे किंवा पाटीच्या खाली, रुपयाएवढी जागा निवडायची. पॉलिशपेपर पाण्यात भिजवून ती गोलाकार घासायची, मधे जास्त, कडेला कमी. लाकडाच्या ओंडक्याच्या वर्तुळांसारखे एकामागून एक थर उघडतात : वरचा निळा, त्याखाली विटकरी, त्याखाली आणखी काही, आणि अगदी आत शेंदूर. दिवसाच्या उजेडात, शेजारी रंगांचे छापील कार्ड ठेवून फोटो घ्यायचा. अक्षरांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यायचा. अर्थात संग्रहालयाच्या किंवा रेल्वेच्या परवानगीनेच. एक सावधगिरी : जुन्या रंगात शिसे असते. कोरडे घासू नये, तोंडाला मास्क असावा, भुकटी ओल्या फडक्याने टिपावी, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पी.पी.एम.ची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. त्याआधीचा कोणताही रंग संशयितच धरावा.

आपल्यापैकी अनेकांच्या घरची माणसे कुर्डुवाडीच्या कारखान्यात, मूर्तिजापूरच्या शेडमध्ये, मोतीबागेत किंवा इथेच शेडमध्ये नोकरीला होती. दिवाळीत गावी जाल तेव्हा जुन्या ट्रंकेत पाहावे. पत्र्याचे स्टेन्सिल, पितळी पाटी, मापाची वही, रंगाच्या नमुन्याची पट्टी, काहीही. डब्यावर टेअर वजन, कारखान्याचे नाव आणि पुढच्या दुरुस्तीची तारीख लिहिण्यासाठी ही स्टेन्सिले लागत. जुनी झाली की ती कोणी मोडीत काढली, कोणी परसातल्या तुळशीवृंदावनाला जाळी म्हणून लावली. सापडले तर घासूनपुसून चकचकीत करू नका. त्याच्या कडेला वाळलेला जो रंग चिकटलेला असेल, तोच हवा आहे.